एका मताची किंमत

न्यायालयाचें नांव काढलें कीं आपल्या डोळ्यांपुढें उंच आसनावर बसलेले न्यायाधीश, काळे झगे घातलेले वकील, पिंजऱ्यांत मान खालीं घालून उभा असलेला आरोपी आणि मागें दाटीवाटीनें बसलेले लोक असें चित्र उभें राहतें. खटल्यांवर रचलेल्या नाटकांतून व बोलपटांतून या साऱ्या सरंजामाचा उपयोग मोठ्या हौसेनें करून घेतलेला असतो. वकिलानें उलटतपासणींत साक्षीदाराची भंबेरी उडवावी, ऐन वेळीं एखादा अनपेक्षित पुरावा पुढें यावा आणि प्रेक्षकांनीं टाळ्या वाजवाव्या, हा प्रकार आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. परंतु श्रोतेहो, ज्या चित्रपटाविषयीं मी आज बोलणार आहें त्यांत यांतलें जवळजवळ कांहींच नाहीं. न्यायाधीश येतात ते आरंभीं चार वाक्यें बोलण्यापुरते, आणि तींही कंटाळलेल्या आवाजांत. वकिलांना एक शब्दही बोलावयाचा नाहीं. साक्षीदार एकही समोर येत नाहीं. आरोपीचा चेहरा क्षणभर दिसतो आणि नाहींसा होतो. त्यानंतरचा जवळजवळ दीड तास आपण एका कुलूपबंद खोलींत बारा माणसांच्या सहवासांत काढतों. १९५७ सालीं निघालेल्या या अमेरिकन चित्रपटाचें नांव ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’, म्हणजे ‘बारा संतप्त माणसें’.

हा चित्रपट पाहून उठलेला प्रेक्षक बहुधा असें म्हणतो कीं, एका धीट माणसानें अकरांना जिंकलें. तें खरें आहे. परंतु मला तें अर्धेंच खरें वाटतें. अकरांच्या तोंडावर ‘नाहीं’ म्हणणारा मनुष्य कोठेंही निघूं शकतो. त्याचें ‘नाहीं’ ऐकून घेणें त्या अकरांना भाग कां पडलें, हा खरा प्रश्न आहे. त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे आपण त्या खोलींतून निघून साडेतीनशें वर्षांच्या इतिहासांत, आणि वाटेंत आपल्या मुंबईच्या हायकोर्टांतही जाऊन पोंचतों.

या कथेचा जन्म प्रत्यक्ष अनुभवांतून झाला. रेजिनाल्ड रोझ या न्यूयॉर्कच्या लेखकाला १९५४ सालीं मनुष्यवधाच्या एका खटल्यांत ज्यूरींत बसावें लागलें. ज्यूरीच्या खोलींत जो कडाक्याचा वाद झाला त्याचा त्याच्या मनावर विलक्षण परिणाम झाला, आणि त्यानें त्यावरून दूरचित्रवाणीसाठीं सुमारें तासाभराचें एक नाटक लिहिलें. तें २० सप्टेंबर १९५४ रोजीं थेट प्रक्षेपित झालें. तो काळ अमेरिकेंत संशयाचा होता. नुसत्या कुजबुजीवरून माणसांच्या नोकऱ्या जात होत्या, आणि या संशयाचा बाजार मांडणारे सेनेटर जोसेफ मॅकार्थी यांचा सेनेटनें निषेध केला तो याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यांत. पुढें हेन्री फोंडा या प्रसिद्ध नटानें रोझच्या साह्यानें या नाटकाचा चित्रपट काढण्याचें ठरविलें. दिग्दर्शनासाठीं त्यानें सिडनी ल्युमेट या दूरचित्रवाणीवर तयार झालेल्या तरुणाला बोलाविलें. ल्युमेटचा हा पहिलाच चित्रपट. दोन आठवडे तालीम, सुमारें तीन आठवडे चित्रण आणि साडेतीन लाख डॉलरांच्या आंतबाहेर खर्च, एवढ्यांत काम आटोपलें. थिएटरांतून त्याला म्हणावा तसा आश्रय मिळाला नाहीं. मात्र त्याच वर्षीं बर्लिनच्या महोत्सवांत त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालें.

कथा अशी. गरीब वस्तींतील अठरा वर्षांच्या एका मुलावर बापाला सुऱ्यानें भोसकून ठार मारल्याचा आरोप आहे. दोषी ठरला तर देहांत शिक्षा अटळ. पुरावा वरवर पाहतां भक्कम दिसतो. खालच्या मजल्यावरील लंगड्या म्हाताऱ्यानें मुलाची ठार मारण्याची धमकी व प्रेत पडल्याचा आवाज ऐकला, आणि दाराशीं धांवत येऊन मुलाला जिन्यानें पळतांना पाहिलें. समोरच्या इमारतींतील एका बाईनें, मधून जाणाऱ्या आगगाडीच्या शेवटच्या दोन डब्यांच्या खिडक्यांतून, खून होतांना डोळ्यांनीं पाहिला. छातींत रुतलेला सुरा मुलानें विकत घेतलेल्या सुऱ्यासारखाच होता, आणि तसा दुसरा सुरा दुकानदाराच्या पाहण्यांत नव्हता. त्या वेळीं आपण सिनेमा पाहत होतों असें सांगणाऱ्या मुलाला त्या सिनेमाचें नांव सांगतां आलें नाहीं.

खोलींत उकाडा असह्य आहे, पंखा चालत नाहीं, आणि एका ज्यूरराच्या खिशांत त्याच संध्याकाळच्या बेसबॉलच्या सामन्याचीं तिकिटें आहेत. हात वर करून मत घेतलें जातें. अकरांच्या मतें मुलगा दोषी. आठव्या क्रमांकाचा ज्यूरर, म्हणजे फोंडा, तेवढा ‘दोषी नाहीं’ म्हणतो. तो मुलगा निरपराधी आहे असें त्याचें म्हणणें नाहीं. त्याला तें ठाऊक नाहीं, आणि एका पोराला मरणाच्या दारीं धाडावयाचें तर त्यापूर्वीं थोडा वेळ बोलावें, एवढीच त्याची मागणी आहे.

यानंतर घडणारा प्रसंग मला सर्व चित्रपटांत महत्त्वाचा वाटतो. कांहीं वेळ बोलणें झाल्यावर आठवा ज्यूरर स्वतःच सांगतो कीं, आतां चिठ्ठ्या टाकून गुप्त मतदान करावें. मी मत देणार नाहीं. अकराही जण ‘दोषी’ म्हणाले तर मी तुमच्याबरोबर येईन. तो हट्टी वीर नव्हे, हें येथें दिसतें. तो माघार घेण्यास तयार आहे. चिठ्ठ्या उघडतात, आणि त्यांतील एकीवर ‘दोषी नाहीं’ असें लिहिलेलें निघतें. ती चिठ्ठी नवव्या क्रमांकाच्या वृद्धाची असते. त्यालाही मुलगा निरपराध असल्याची खात्री नाहीं. परंतु एवढ्या लोकांपुढें एकटा उभा राहणाऱ्याचें म्हणणें आणखी ऐकावें असें त्याला वाटतें. एकाचे दोन होतात आणि कथा पुढें सरकते.

मग पुराव्याची एकेक वीट ढांसळूं लागते. तसाच दुसरा सुरा आठवा ज्यूरर खिशांतून काढून टेबलावर रोवतो. त्यानें तो आरोपीच्या घराजवळच्याच एका दुकानांत विकत घेतलेला असतो. म्हातारा अंथरुणावरून उठून पंधरा सेकंदांत दाराशीं आला म्हणतो. खोलींत पावलें मोजून, पाय ओढीत चालून पाहिलें तेव्हां एकेचाळीस सेकंद लागतात. शिवाय गाडीच्या खडखडाटांत त्याला वरच्या मजल्यावरचें बोलणें ऐकूं कसें आलें, हा प्रश्न उरतोच. शेवटीं त्या बाईच्या नाकावरील चष्म्याचे वळ कोणालातरी आठवतात. अंथरुणावर पडलेली बाई चष्मा लावून झोंपत नाहीं. मग साठ फुटांवरचा चेहरा तिनें कसा ओळखला? तरीही खून कोणीं केला हें आपल्याला अखेरपर्यंत कळत नाहीं. मुलगा खरोखरच खुनी असण्याचा संभव चित्रपटानें कोठेंही नाकारलेला नाहीं. संशयाचा फायदा आरोपीला मिळाला पाहिजे, हें तत्त्व आपण पुस्तकांत वाचतों. आरोपीविषयीं खात्री नसतांनाही तें पाळणें किती कठीण आहे, तें या खोलींत प्रत्ययास येतें.

एका खोलींतील दीड तासाचें बोलणें कंटाळवाणें कां होत नाहीं, याचें श्रेय दिग्दर्शक व छायालेखक बोरिस कॉफमन या दोघांचें आहे. ल्युमेटनें या कामाची योजना पुढें सविस्तर सांगितलेली आहे. चित्रपटाचा पहिला तृतीयांश भाग कॅमेरा डोळ्यांच्या पातळीहून उंच ठेवून घेतला, दुसरा डोळ्यांच्या पातळीवरून, आणि तिसरा त्याहून खालून. त्यामुळें शेवटीं शेवटीं खोलीचें छतही दिसूं लागतें. त्याच क्रमानें भिंगें अशीं बदलीत नेलीं कीं मागच्या भिंती माणसांच्या पाठीशीं येऊन भिडल्यासारख्या वाटाव्या. खोली तीच, परंतु ती लहान होत चालली आहे असें वाटून आपला जीव गुदमरतो. आणि अखेर पावसानें ओल्या झालेल्या रस्त्याचें विस्तीर्ण दृश्य आलें म्हणजे आपण मोकळा श्वास घेतों. या चित्रपटांत रंग असते तर डोळा भिंतीच्या व कपड्यांच्या रंगांत गुंतला असता. केवळ काळ्यापांढऱ्यांत असल्यामुळें घामानें चकाकणारे चेहरे आणि कपाळावरच्या आंठ्या एवढेंच पाहण्यासारखें उरतें.

आणि चेहरे तरी किती तऱ्हेचे! दहाव्या क्रमांकाचा ज्यूरर त्या मुलाच्या जातीच्या लोकांविषयीं गरळ ओकूं लागतो, तेव्हां एकेक जण टेबलावरून उठून त्याच्याकडे पाठ फिरवितो. त्याच्याशीं वाद कोणी घालीत नाहीं. अकरावा ज्यूरर परदेशांतून आलेला घड्याळजी आहे. ज्यूरीच्या पद्धतीचा मान त्यालाच सर्वांत अधिक वाटतो. ही भूमिका करणारा जॉर्ज वॉस्कोव्हेक हा प्राग शहरचा नामांकित नट असून, हिटलरच्या आक्रमणामुळें देश सोडून आलेला होता. तिसरा ज्यूरर, ली जे. कॉब यानें उभा केलेला, शेवटपर्यंत वळत नाहीं. कारण घर सोडून गेलेल्या स्वतःच्या मुलावरचा राग तो या परक्या मुलावर काढीत असतो. मुलाचा फोटो फाडून तो रडूं लागतो, आणि रडत रडतच ‘दोषी नाहीं’ म्हणतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. तो आठवा ज्यूरर कितीही शहाणा असो, त्या अकरांना त्याच्याजवळ बसवून ठेवलें कोणीं? तें बळ कायद्याचें होय. आरंभीं न्यायाधीश जीं चार वाक्यें बोलतात त्यांतील एक असें कीं, निर्णय एकमतानेंच झाला पाहिजे. अकरा मतांनीं तेथें कांहींच सिद्ध होत नाहीं. बाराव्याला पटवा, नाहींतर त्याच्याकडून पटवून घ्या, याशिवाय तिसरी वाट नाहीं. कोणाचेंच न पटलें तर ज्यूरी बरखास्त होऊन खटला पुन्हां पहिल्यापासून चालावयाचा. सामन्याचीं तिकिटें खिशांत असलेल्या मनुष्यालाही म्हणूनच कान द्यावा लागतो.

हा नियम इंग्रजी कायद्यांत चौदाव्या शतकापासून रूढ होता, आणि तो टिकविण्यासाठीं साध्या माणसांनीं मोठे हाल सोसले आहेत. १६७० सालीं विल्यम पेन व विल्यम मीड या दोन क्वेकर पंथीयांवर लंडनच्या रस्त्यांत बेकायदा जमाव जमविल्याचा खटला झाला. पेन हाच पुढें अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनियाचा संस्थापक झाला. ज्यूरींतील चौघांनीं, त्यांत एडवर्ड बुशेल हा प्रमुख, त्यांना दोषी ठरविण्याचें नाकारलें. न्यायासनानें धमक्या दिल्या आणि साऱ्या ज्यूरीला दोन रात्री अन्न, पाणी व विस्तव यांवांचून कोंडून ठेवलें. परिणाम असा झाला कीं चारांचे बारा झाले. आरोपी निर्दोष ठरले, आणि ज्यूररांना दंड होऊन, तो न भरल्याबद्दल ते तुरुंगांत गेले. बुशेलच्या अर्जावर मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनीं निर्णय दिला कीं, ज्यूररानें दिलेल्या निकालाबद्दल त्याला शिक्षा करतां येत नाहीं. फोंडानें रंगविलेल्या त्या शांत माणसाच्या मागें हे उपाशी बारा जण उभे आहेत.

इंग्रजांनीं ही ज्यूरीची पद्धति हिंदुस्थानांतही आणली. मात्र आणतांना तिचा प्राण काढून घेतला. मुंबई हायकोर्टांत ज्यूरी नऊ जणांची असे, आणि नऊपैकीं सहांचें मत जुळून न्यायाधीशास तें मान्य असलें म्हणजे निकाल पुरा होई. याचा अर्थ काय झाला तो मराठी श्रोत्यांस सांगावयास नको. १८९७ सालीं टिळकांवरील राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यांत ज्यूरीवर सहा युरोपीय व तीन हिंदी गृहस्थ होते. निकाल सहा विरुद्ध तीन असा, म्हणजे कायद्याला लागणारे नेमके सहा, आणि शिक्षा अठरा महिन्यांची. १९०८ सालीं ‘केसरी’तील लेखांवरून दुसरा खटला झाला तेव्हां ज्यूरीवर सात युरोपीय व दोन पारशी होते. टिळकांनीं एकवीस तासांहून अधिक काळ स्वतः भाषण करून आपली बाजू मांडली. २२ जुलैच्या रात्रीं निकाल आला: सात विरुद्ध दोन. न्यायमूर्ति दावर यांनीं बहुमत मान्य करून सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा सांगितली, आणि टिळक मंडालेस गेले. ते दोघे कोणत्या कारणानें बहुमताशीं सहमत झाले नाहींत, बंद खोलींत त्यांनीं काय युक्तिवाद केला, याची कोठें नोंद नाहीं. आणि त्याची कोणाला गरजही नव्हती, कारण त्यांच्यावांचून काम अडत नव्हतें. रोझची कथा मुंबईंत घडती तर पहिल्या मतदानालाच संपून गेली असती. ज्यूरीचा निकाल कांहींही असो, आपण निर्दोषीच आहों, अशा अर्थाचे जे शब्द टिळकांनीं त्या रात्रीं उच्चारले, ते कोरलेल्या संगमरवरी शिलेचें त्याच हायकोर्टांत मुख्य न्यायाधीश छगला यांच्या हस्तें अनावरण झालें तें १९५६ सालीं, म्हणजे हा चित्रपट पडद्यावर येण्याच्या आदल्या वर्षीं.

परंतु एकटा मनुष्य नेहमीं आरोपीच्याच बाजूचा असतो असें मात्र समजूं नये. १९५९ सालीं मुंबईंतच नाविक अधिकारी नानावटी यांच्यावर प्रेम आहुजा या गृहस्थाच्या खुनाचा खटला चालला. वर्तमानपत्रांनीं रान उठविलें, लोकमत आरोपीच्या बाजूनें उसळलें, आणि ज्यूरीनें आठ विरुद्ध एक मतानें त्यांना निर्दोष ठरविलें. सेशन्स जज्ज मेहता यांना हा निकाल पुराव्याशीं विसंगत वाटला व त्यांनीं प्रकरण हायकोर्टाकडे पाठविलें. हायकोर्टानें १९६० सालीं जन्मठेपेची शिक्षा दिली, आणि ती १९६१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कायम केली. १९६४ सालीं राज्यपालांनीं माफी दिली ती गोष्ट निराळी. म्हणजे त्या नऊ जणांत वरच्या न्यायालयांशीं जुळणारें मत त्या एकट्याचेंच होतें. या खटल्यानेंच आपली ज्यूरी बुडाली असा समज आहे. परंतु विधि आयोगानें ती बंद करण्याची शिफारस १९५८ सालींच केली होती. १९७३ च्या फौजदारी संहितेंत तिला स्थान उरलें नाहीं, आणि १ एप्रिल १९७४ पासून ती संहिता अंमलांत आली. त्यानंतर बारा वर्षांनीं, १९८६ सालीं, बासू चटर्जी यांनीं ‘एक रुका हुआ फैसला’ या नांवानें हीच कथा हिंदींत आणली. पंकज कपूर व के. के. रैना यांचा अभिनय त्यांत पाहण्यासारखा आहे. आणि ज्या देशांत ज्यूरीच नाहीं त्या देशांतही ही कथा मनाला भिडली.

चित्रपटांत दोष नाहींत असें नव्हे. ज्यूररानें स्वतः हिंडून सुरा विकत घेणें हें कायद्याला सोडून आहे. खऱ्या न्यायालयांत एवढ्यावरून खटला रद्द व्हावयाचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांतील न्यायमूर्ति सोनिया सोटोमेयर यांनीं विद्यार्थिदशेंत हा चित्रपट पाहून कायद्याच्या व्यवसायाची ओढ लागल्याचें सांगितलें आहे; परंतु खालच्या न्यायालयांत असतांना आपण ज्यूररांना यांतल्याप्रमाणें तर्क लढवूं नका असेंच बजावीत असूं, असेंही त्या म्हणाल्या. शिवाय त्या बारांत एकही स्त्री नाहीं व एकही कृष्णवर्णीय नाहीं. आरोपीसारख्या वस्तींत वाढलेला एक जण त्यांत आहे, आणि सुरा कसा धरतात हें त्यालाच ठाऊक असतें. खोलींत निरनिराळ्या तऱ्हेचे लोक कां हवेत, याचें उत्तर चित्रपटानें तेवढ्यापुरतें तरी दिलें आहे.

खुद्द अमेरिकेंतही एकमताचा हा नियम सर्वत्र नव्हता. लुइझियाना संस्थानानें १८९८ सालच्या आपल्या घटनेंत, देहांत शिक्षेचे खटले वगळून, गंभीर गुन्ह्यांसाठीं बारांपैकीं नऊ मतें पुरेशीं मानलीं. पुढें तीं दहा केलीं. कृष्णवर्णीय ज्यूरर निवडला गेला तरी त्याच्या मताला वजन राहूं नये, हा त्यामागील हेतु होता. २०१८ सालीं तेथील मतदारांनीं हा नियम बदलला, आणि २०२० सालीं ‘रामोस विरुद्ध लुइझियाना’ या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सर्व संस्थानांत गंभीर गुन्ह्यांसाठीं एकमत आवश्यक ठरविलें. या खटल्यांतील आरोपी दहा विरुद्ध दोन मतांनीं दोषी ठरून जन्मठेप भोगीत होता. २०२३ सालीं त्याचा खटला पुन्हां चालला, आणि नव्या ज्यूरीनें त्याला एकमतानें निर्दोष ठरविलें. पहिल्या वेळच्या त्या दोघांची शंका ऐकून घेण्यास कोणी बांधलेलें नव्हतें, आणि त्या अवधींत एका मनुष्याचीं वर्षांमागून वर्षें तुरुंगांत गेलीं.

श्रोतेहो, आपल्यापैकीं कोणावर ज्यूरींत बसण्याचा प्रसंग आतां येणार नाहीं. परंतु शेजाऱ्याविषयीं, नोकराविषयीं, वर्तमानपत्रांत नांव छापून आलेल्या परक्या माणसाविषयीं ज्यूरी होऊन निकाल देण्याचें काम आपण घरोघर रोजच करीत असतों. आणि तेथें एकमताचा नियम नसल्यामुळें तें काम फार झटपट आटोपतें. हा चित्रपट पाहावयास मिळाला तर अवश्य पाहा. त्यांतील एक लहानशी गोष्ट नजरेंतून सुटूं देऊं नका. सर्व जण निघून गेल्यावर तिसरा ज्यूरर टेबलाशीं खचून बसलेला असतो. ज्याच्याशीं तो सबंध दुपार भांडला तो आठवा ज्यूरर खुंटीवरचा त्याचा कोट काढून आणतो, आणि कांहीं न बोलतां त्याच्या अंगावर चढविण्यास मदत करतो. मग दोघेही त्या खोलींतून बाहेर पडतात.